द्वैभाषिक शिक्षण (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणाऱ्या मुलांना मातृभाषा व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतून शिकविण्याची पद्धती. क्यूबन निर्वासितांच्या आगमनानंतर १९६३ मध्ये मायामीच्या कोरल वे शाळेत स्पॅनिश-इंग्रजी वर्ग सुरू झाले. १९६८ च्या द्वैभाषिक शिक्षण कायद्याने अशा प्रयत्नांना केंद्रीय निधी मिळू लागला.

निर्णायक ठरला तो ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटला (१९७४). सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या, इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० विद्यार्थ्यांना कोणतेही जादा भाषासाहाय्य मिळत नव्हते. सारखी पुस्तके, सारखे शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले. उपाय कोणता, हे मात्र त्याने सांगितले नाही आणि पुढचे बहुतेक वाद तेथूनच उद्भवले.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते मुले बोलण्यापुरती इंग्रजी साधारण २ वर्षांत आत्मसात करतात. पाठ्यपुस्तकांची भाषा पेलण्यास ५ ते ७ वर्षे लागतात. म्हणूनच मैदानावर सफाईने बोलणारे मूल गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडते. त्याला मंद ठरविणे हा उघड अन्याय होय. १९९१ च्या रामिरेझ अहवालात स्पॅनिश भाषिक मुलांसाठीच्या तीन पद्धतींची तुलना आहे. मातृभाषेतून दीर्घकाळ शिकल्याने इंग्रजी मागे पडते, या समजाला त्यात आधार मिळाला नाही.

कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये सार्वमताने (प्रस्ताव २२७) अशा वर्गांवर कडक निर्बंध घातले. २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ द्वारे मतदारांनीच ते बहुतांशी उठविले.