बाळ झोपतं कुठे? बाळगोळीपासून उसाच्या फडापर्यंत

दसरा झाला की कारखान्यांचे बॉयलर पेटतील. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून कोयते निघतील. सोबत भांडीकुंडी, शेळ्या आणि तान्ही बाळंही. उसाचा दर, उचल, वाहतूक यावर आम्ही पत्रकार दरवर्षी भरभरून लिहितो. आज वेगळा प्रश्न : आई पहाटे फडात गेली की ते बाळ झोपतं कुठे?

प्रश्न जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या गिरण्यांत आला होता. कोकणातली, तशीच सातारा, पुणे आणि आपल्या नगर जिल्ह्यातली माणसं पोटासाठी तिकडे गेली. बायकाही गिरणीत लागल्या. दिवसाचे दहा-दहा तास काम आणि बाळ चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत. ते रडू नये, गप पडून राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी द्यायचे. नाव मात्र गोड : बाळगोळी.

ही गोष्ट चोरूनमारून चालत नव्हती. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची. 1893 साली नेमलेल्या अफू आयोगापुढे बाळांना अफू देण्याचा विषय आला होता. पण बेतानं घेतलेल्या अफूनं फारसं बिघडत नाही, असाच आयोगाचा एकूण सूर राहिला. पुढे 1922 साली डॉ. बार्न्स या सरकारनं नेमलेल्या डॉक्टरबाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या बाळांपैकी 98 टक्के बाळांना अफू दिली जाते, असं त्यात होतं. शंभरातली अठ्ठ्याण्णव!

अफूनं बाळ झोपतं, पण श्वासही मंदावतो आणि भूक मरते. रडत नाही म्हणून वेळेवर दूध मिळत नाही. बाळ वाळत जातं आणि शेजारीपाजारी म्हणतात, किती गरीब बाळ आहे, आवाजसुद्धा नाही.

तेव्हाही दोष आयांच्या अडाणीपणाला देणारे होतेच. पण तिच्यापुढे मार्ग तरी कोणता होता? खाडा केला तर मजुरी बुडणार, बाळ खात्यात नेलं तर यंत्रं आणि कापसाची धूळ. हे ओळखणारी माणसंही होती. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडली. 1929 ला कायदा झाला. 1931 च्या शाही कामगार आयोगानं पाळणाघरांची शिफारस केली. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 48 आलं : पन्नासहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. 1976 मध्ये ही मर्यादा तीसवर आली. म्हणजे बाळाच्या झोपेची जबाबदारी मालकावरही आहे, हे कायद्यानं मान्य केलं.

आता उसाकडे या. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला रोवली गेली. 1950 सालापासून तिथं गाळप सुरू आहे. कारखान्याच्या गेटच्या आत तो 1948 चा कायदा लागू होता. पण फडातल्या बाईचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसतंच. तिची उचल मुकादमाकडून, तीही नवरा-बायकोची मिळून एक कोयता म्हणून. त्यामुळे कलम 48 तिच्या कोपीपर्यंत कधी पोचलंच नाही. बाळ पोत्यावर, सरीत, नाहीतर ट्रेलरच्या सावलीला. ट्रेलर मागे घेताना कुणाच्या लक्षात आलं नाही तर? अकोले-संगमनेरकडच्या उसात बिबट्या असतो, हे तर आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे.

बाळाला कसं झोपवावं याचं शास्त्रही बदललं. अमेरिका-युरोपात एके काळी डॉक्टरच पालथं झोपवा म्हणायचे. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा अभ्यास झाला आणि 1994 मध्ये अमेरिकेत उताणं झोपवण्याची मोहीम निघाली. काही वर्षांत तिथे असे मृत्यू निम्म्यावर आले. आपल्याकडे बाळ उताणं ठेवण्याची रीत होतीच, ती सोडू नका. मात्र खोल झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो. सपाट, घट्ट अंथरूण बरं. उशी नको, मोहरीचीही नको. तोंडावर गोधडी नको. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्याची शेगडी नको, चुलीचा आणि बिडीचा धूर नको. दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळ नको. आणि झोप यावी म्हणून सर्दीचं औषध तर मुळीच नको. क्लोरफेनिरामाइन-फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं आहे. बाळगोळी गेली, तिची सवय अजून गेलेली नाही.

असं सांगून लोक ऐकतात का? ऐकतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं, तेव्हा तिथे हजारी 176 बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. आपल्यातलीच बाई सांगते म्हटल्यावर आया ऐकतात.

पण सपाट अंथरूण घाला म्हणताना ते घालायला जागा लागते. बाळाकडे बघायला माणूस लागतो. म्हणून मागणी सरळ आहे. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक कारखान्यानं कोप्यांच्या तळावर एक पाळणाघर उभं करावं : पक्कं छप्पर, पाणी आणि बाळं सांभाळायला तळावरच्याच दोन पगारी बायका. टोळीतल्या एखाद्या थोराड बाईनं कोयता ठेवून हे काम घेतलं तर तिला मजुरी कारखान्यानं द्यावी.

आपल्यापैकी अनेक जण कारखान्याचे सभासद आहेत, काही संचालकही हे वाचताहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरावर बोलाच. त्यानंतर उभं राहून एवढंही विचारा : आपला ऊस तोडणाऱ्या बाईचं बाळ झोपतं कुठे?