रक्त परतते तेव्हा

हृदयाविषयी आपल्या भाषेने पुष्कळ बोलून ठेवले आहे. ते पाझरते, दुभंगते, भरून येते. परंतु काही काळ रक्तावाचून राहिलेल्या हृदयाला परत आलेले रक्तच इजा करते, ही गोष्ट भाषेला ठाऊक नव्हती. वैद्यकालाही ती उशिराच उमगली. मी मुलुंडकर. आमच्या उपनगराचा या इतिहासाशी थोडा संबंध आला, म्हणून तो सांगावासा वाटतो.

१९६० साली अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी काही वेळ बांधून मग सोडली. रक्त परतताच पेशींच्या नाशाची चिन्हे विलक्षण वेगाने उमटली. दुष्काळाने भेगाळलेल्या पाटात एकदम पाणी सोडावे आणि पिकाला ओल मिळण्याआधी पाटच फुटावा, तसे हे होते. परत आलेल्या प्राणवायूपासून दाहक रेणू निपजतात. कॅल्शियम पेशींत घुसते व स्नायू आखडतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरालाही झळ लागते. एकाच पेशीच्या जाडीचे हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल राखते. ते बिघडले, की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, बारीक वाहिन्या तुंबतात, आणि मोठी धमनी मोकळी होऊनही स्नायू तहानलेलाच राहतो.

हृदयारोपणात तर रक्ताचे हे थांबणे आणि परतणे अटळच. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. बर्नार्ड यांची केपटाऊनमधील शस्त्रक्रिया होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला आपल्या कायद्याची मान्यता मिळाली ती १९९४ साली. मुंबईला मात्र यशासाठी ४७ वर्षे थांबावे लागले.

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून एका मेंदूमृत स्त्रीचे हृदय विमानाने मुंबईस व तेथून रस्त्याने मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात आले. डॉ. अन्वय मुळे यांनी ते एका तरुणाच्या छातीत बसवले. त्यासाठी रस्ते मोकळे ठेवले गेले, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटले. त्यामागचे शास्त्र थोड्यांनाच ठाऊक होते. थंड द्रावणाने थांबवलेले हृदय बर्फात साधारण चार तास धड राहते. त्यानंतरच्या प्रत्येक मिनिटागणिक परतणारे रक्त अधिक घातक ठरते. चौकात गाड्या अडवणारा शिपाई त्या दिवशी एका नाजूक अस्तराचेच रक्षण करीत होता.

औषध शोधण्याचेही प्रयत्न झाले. १९८६ साली कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी थोडा थोडा वेळ तोडला, तर पुढची मोठी इजा कमी होते, असे आढळले. आरोपणाला दीर्घायुष्य देणारे सायक्लोस्पोरिन हृदयविकाराच्या झटक्यात वापरून पाहिले गेले. सुमारे ९७० रुग्णांवरील त्या चाचणीचा निष्कर्षही ऑगस्ट २०१५ मध्येच आला. उपयोग शून्य! सर्वमान्य औषध अजून हाती नाही.

वाचकहो, म्हणूनच छातीत कळ आली असता “वाऱ्याचे असेल, सकाळी पाहू” असे म्हणणारी माणसे पाहिली, की मला धसका बसतो. धमनी उशिरा उघडली तर आधीची हानी मोठी आणि रक्त परतण्याची इजाही मोठी. त्या हृदयासाठी जी घाई पुण्यापासून मुलुंडपर्यंत झाली, तीच घाई आपण बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या जिन्यावरून आपल्या माणसाला खाली उतरवताना केली पाहिजे.