शाळेचा पहिला आठवडा आणि मुलांचा कारभार

वैनगंगेच्या कांठीं शाळेचें वर्ष उशिरानें उघडतें. पश्चिमेकडील जिल्ह्यांत शाळेची घंटा वाजते, तेव्हां विदर्भांतील मुलें उन्हाचा ताप ओसरण्याची वाट पाहत घरींच असतात. 2025 सालीं उर्वरित महाराष्ट्रांत शाळा 16 जूनला सुरू झाल्या, आपल्याकडे 23 जूनला. याच सुमारास भंडारा जिल्ह्यांत धानाचे पऱ्हे टाकतात, आणि पुढें महिन्याभरांत ते उपटून बांध्यांत रोवणी होते. चवथी आटोपलेलीं कित्येक मुलें गांवची शाळा सोडून तुमसर, साकोली, पवनी अशा मोठ्या गांवच्या शाळेंत पांचवींत जाऊन बसतात, तीं याच दिवसांत. कोवळें रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावतांना किती जपावें लागतें, हें येथील शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र आपण त्याला दप्तर देऊन मोकळे होतों.

नव्या मुलास जुन्या विद्यार्थ्याच्या हवालीं करावें ही रीत फार जुनी आहे. आपल्या पंतोजींच्या शाळेंत मोठीं मुलें लहानांकडून धुळाक्षरें गिरवून घेत. युरोपांत येशूसंघीयांनीं 1599 सालीं आपल्या विद्यालयांची जी नियमावली ठरविली, तींत हीच गोष्ट शिस्तीनें बांधलेली दिसते. वर्गांतील कांहीं मुलांस नायक नेमावें. त्यांनीं सोबत्यांचे पाठ म्हणवून घ्यावे, लेख गोळा करावे, आणि कोण किती वेळां अडला याची वहींत खूण करून ठेवावी, असा तो नियम होता. वर्गांतील मानाचीं पदेंही महिन्या-दोन महिन्यांनीं बदलत, आणि ज्याचा निबंध उत्तम त्यास वरचें पद मिळे. म्हणजे पुढारीपण मतांनीं मिळत नसे, लेखणीनें मिळे. ही पद्धत निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. अबोल परंतु कामसू मुलास तींत फारसा वाव नसावा.

पुढें 1789 ते 1796 या काळांत मद्रास येथें लष्करी अनाथालयाच्या शाळेवर डॉ. अँड्र्यू बेल हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. देशी शाळेंतील मुलें वाळूवर अक्षरें काढतांना त्यांनीं पाहिलीं आणि आपल्या शिक्षकांस तसें करावयास सांगितलें. शिक्षकांनीं मनावर घेतलें नाहीं, तेव्हां त्यांनीं आठेक वर्षांच्या एका मुलासच लहानांचा वर्ग सोंपविला. प्रयोग साधला. 1797 सालीं त्याची हकीकत लंडनांत छापून निघाली व तींतून पुढें इंग्लंडांत शेंकडों शाळा चालल्या. आपलीच धुळाक्षरें समुद्र ओलांडून ‘मद्रास पद्धति’ या नांवानें नांदूं लागलीं, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

आपल्या प्रांतांत संत फ्रान्सिस द साल यांच्या नांवाचा, 1838 सालीं आन्सी येथें स्थापन झालेला संघ 1845 सालीं हिंदुस्थानांत उतरला, आणि 1870 सालीं नागपुरांत त्यांची शाळा निघाली. 1887 सालीं नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अशा शाळांतून चार ‘हाउस’, त्यांचे कॅप्टन, बिल्ले व पदग्रहणाचा समारंभ हा इंग्रजी थाट रुजला.

वऱ्हाड-मध्यप्रांतानें दुसरी वाटही दाखविली. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. तिच्यांतून निघालेल्या नयी तालीमच्या सेवाग्राम येथील शाळेंत सफाई, स्वयंपाक, हिशेब हीं कामें मुलांचे निवडलेले मंत्री पाहत. आज जिल्हा परिषदेच्या शाळांतून जें ‘शालेय मंत्रिमंडळ’ निवडलें जातें, तें याच वाटेवरचें आहे. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री हे सारे दहा-बारा वर्षांचे. चिठ्ठ्यांनीं मतदान होतें, कोठें कोठें मोबाइलवरही. छातीवरील रेशमी पट्ट्यापेक्षां ज्याच्या खात्यांत पाण्याची टांकी खरोखर धुतली जाते तो मंत्री आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

पहिलींत येणाऱ्या बालकांसाठीं अलीकडे पुष्कळ झालें आहे. 2021 सालीं केंद्र सरकारनें तीन महिन्यांचा खेळांतून शिकण्याचा ‘विद्याप्रवेश’ हा उपक्रम काढला. 2022 सालीं राज्यानें ‘पहिलें पाऊल’ या नांवानें शाळापूर्व तयारीचे मेळावे भरविले व मातांचे गट केले. गुलाबाचें फूल, नवीं पुस्तकें, प्रभातफेरी हें सारें पहिलीच्या वांट्यास येतें. पांचवीच्या मुलास मात्र कोणी फूल देत नाहीं. त्याचा वर्ग मोठा, शिक्षक अनोळखी, आणि बोली घरची झाडी. तोंच रोवणी लागते. मजुरी करणाऱ्या आई-बापांच्या मुलास धाकटें भावंड सांभाळावयास बांधीवर जावें लागतें, आणि पंधरा दिवसांनीं तो परत येतो तेव्हां बाकावरची जागाही दुसऱ्याची झालेली असते. कित्येक येतच नाहींत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गांवोगांवच्या मुलांस त्याच गांवचा सातवी-आठवींतील एक विद्यार्थी सोबती म्हणून पहिल्या दिवशींच नेमून द्यावा. तो वाटेनें बरोबर येईल, आणि गैरहजर राहिल्यास घरीं जाऊन विचारील. आणि मंत्रिमंडळाचें मतदान जुलईंत उरकून घेऊं नये. अर्धा वर्ग चिखलांत उभा असतांना निवडलेला मुख्यमंत्री उरलेल्या अर्ध्याचाच असतो. रोवणी आटोपावी, पोरें परत यावीं, मग चिठ्ठ्या वाटाव्या.