बीबीसी रेडिओ ४: दैनंदिन प्रसारण

बीबीसी रेडिओ ४ ही युनायटेड किंग्डममधील राष्ट्रीय नभोवाणी वाहिनी आहे. ३० सप्टेंबर १९६७ रोजी ती 'होम सर्व्हिस'च्या जागी सुरू झाली. संगीतापेक्षा बातम्या, चर्चा, श्रुतिका आणि विनोदी कार्यक्रमांवर तिचा भर असतो.

दिनक्रम

सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ या वेळेत 'टुडे' हा वृत्तविषयक कार्यक्रम असतो. त्यात राजकीय नेत्यांच्या थेट मुलाखती होतात. १० वाजता १९४६ पासून चालत आलेला 'वुमन्स अवर', दुपारी १ वाजता 'द वर्ल्ड ॲट वन' आणि सायंकाळी ५ वाजता 'पीएम' प्रसारित होतो. ६ वाजता बिग बेनच्या ठोक्यांनी बातमीपत्र सुरू होते. ७ वाजता 'द आर्चर्स' ही ग्रामजीवनावरील मालिका लागते. तिचे राष्ट्रीय प्रसारण १ जानेवारी १९५१ पासून होत आहे.

सागरी हवामान अंदाज

मध्यरात्रीच्या बातम्यांनंतर 'सेलिंग बाय' ही धून वाजते. ती ऐकून खलाशांना वाहिनी ओळखता येते. त्यानंतर ३१ सागरी क्षेत्रांतील वारा, समुद्रस्थिती व दृश्यमानता यांची माहिती ठरावीक क्रमाने, लिहून घेता येईल अशा संथ गतीने वाचली जाते. राष्ट्रगीतानंतर रात्री १ वाजता 'वर्ल्ड सर्व्हिस'चे सहक्षेपण सुरू होते.