दुखणेकऱ्याची साक्ष

दवाखान्यातून बाहेर आलेल्या माणसाला घरचे-दारचे सगळे विचारतात, "काय म्हणाले डॉक्टर?" "तू काय म्हणालास?" असे मात्र कोणी विचारीत नाही. आजचा माझा विषय ह्या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे. मी वैद्य नव्हे आणि पंडितही नव्हे. कामगारांच्या तक्रारी लिहून घेता घेता जे वाचले, जे पाहिले, तेवढ्याच भांडवलावर बोलणार आहे. तेव्हा श्रोत्यांनी वैद्यकाची अपेक्षा ठेवू नये, साक्षीदाराची ठेवावी.

आरंभ सन १८८४ पासून करतो. त्या वर्षी २३ आणि २६ सप्टेंबरला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला व त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा, ह्या त्यातल्या मागण्या आपणांस ठाऊक असतील. रविवारची सुटी १८९० साली मिळाली आणि लोखंड्यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. परंतु त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. काम करताना मोठी इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. हात यंत्रात गेल्यावर पुढे काय होते, हे कमिशनच्या सभासदांना कोणी पुस्तकातून सांगितले नसते. ज्याचा हात गेला त्यानेच सांगितले. माझ्या मते आपल्याकडे रोग्याचे म्हणणे एकत्र करून, सह्यांनिशी, अधिकाऱ्यापुढे ठेवण्याची ही रीत इथूनच रुजली.

पण विचारलेच नाही तर? त्याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. म्युनिसिपालिटीने रोग्यांना जबरीने इस्पितळात हलविण्याचे नियम काढले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आत नेलेला माणूस परत येत नाही, आत त्याला मारून टाकतात, अशी वदंता पसरली होती. इंग्रजी अंमलदारांनी हा अडाणीपणा मानला. तसे मानणे सोपे होते. वदंता खोटीच होती. परंतु तिच्या बुडाशी जे होते ते खोटे नव्हते. घरच्यांना रोग्याजवळ बसता येत नव्हते, कोणाच्या हातचे खावे लागेल ह्याची धास्ती होती, आणि लोक इतके उशिरा आणले जात की आत गेलेले बहुतेक दगावत. हे कोणी शांतपणे विचारले असते तर त्यांनी शांतपणे सांगितले असते.

गंमत पाहा, त्या दंग्यानंतर म्युनिसिपालिटीने नियम सैल केले. पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेगची इस्पितळे उघडली. तिथे आपलीच माणसे भोवती असत, तेव्हा लोक जाऊ लागले. औषध तिथेही फारसे नव्हते, कारण प्लेगवर तेव्हा रामबाण असे औषधच नव्हते. बदलले ते एवढेच की रोग्याला काय वाटते ह्याचा विचार झाला. लोखंडेही ह्या कामात होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते स्वतः प्लेगने गेले. महिन्याभराने, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले गेल्या.

मधली वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. १९४४ साली प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबईत आली. जावळीच्या खोऱ्यातून गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या कितीतरी घरांना ह्या विम्याच्या दवाखान्याची चिठ्ठी ठाऊक आहे. कायद्याने महामंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसविले, ही मोठी गोष्ट. परंतु प्रतिनिधी वर बसतो आणि रांग खाली असते.

त्या रांगेत आम्हीही एकदा चूक केली, ती सांगून टाकतो. एका दवाखान्याबद्दल पुष्कळ कुरकुर होती, म्हणून युनियनने प्रश्नांचा कागद छापला. 'आपण सेवेबद्दल समाधानी आहात काय?' असा पहिलाच प्रश्न. कागद वाटायचे काम सोयीचे म्हणून तिथल्याच खिडकीवरच्या माणसाकडे दिले. जवळजवळ सगळे कागद 'समाधानी' म्हणून परत आले. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तीच माणसे सांगू लागली की गोळ्या बाहेरून आणाव्या लागतात, दोन वेळा खाडा झाला, तेव्हा कुठे नंबर लागला. मी म्हणालो, "मग कागदावर का नाही लिहिलंत, तात्या?" ते म्हणाले, "अरे बाबा, उद्या त्याच खिडकीत हात घालायचाय." ह्या वाक्याने मला जे शिकविले ते मागाहून पुस्तकांत सापडले. अमेरिकेत ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८० नंतर 'समाधानी आहात का' हा प्रश्न मागे सारून 'काय घडले' हे विचारायला आरंभ केला. किती वेळ बसलात? औषध कसे घ्यायचे हे कोणी समजावले का? पैसे मागितले का? समाधान हे अपेक्षेवर असते, आणि गरिबाची अपेक्षा मुळातच थोडी. घडलेली गोष्ट मात्र गरीब-श्रीमंत दोघांनाही सारखीच सांगता येते.

ही गोष्ट महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर केली गेली ती २००७ पासून. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख' नावाचे काम सुरू झाले. आपल्या राज्यात ते पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या समन्वयाने अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे ह्या पाच जिल्ह्यांतल्या २२५ गावांत आरंभले. सातारा त्या पाचांत नव्हता, हे खेदाने नमूद करतो. पद्धत साधी होती. गावची समिती बायाबापड्यांना विचारी: नर्सबाई येते का, लसीकरण होते का, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळते का. उत्तरांवरून प्रगतिपुस्तक तयार होई. पोराच्या शाळेतल्यासारखेच, पण चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा आणि वाईटाला लाल रंग. ते चव्हाट्यावर लागे. निरक्षर बाईलाही रंग वाचता येतो.

ह्यापुढे जनसुनवाई होई. गावकरी घडलेली हकिकत उभे राहून सांगत आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागे. गावपातळीवरच्या सेवांना 'चांगले' म्हणणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के होते, दुसऱ्या फेरीत ६१ आणि तिसऱ्या फेरीत ६६ झाले. आकडे लोकांच्याच मताचे आहेत, मोजपट्टीचे नव्हेत, हे ध्यानात असू द्यावे.

इथे मला कामगार चळवळीतला माणूस म्हणून एक आक्षेप नोंदवायचा आहे. सुनवाईत बोलणी कोण खातो? समोर असते ती नर्सबाई. दोन माणसांचे काम ती एकटी करीत असते, कारण दुसरी जागा रिकामी असते. आणि जागा रिकामी ठेवणारा मुंबईत बसलेला असतो. प्रगतिपुस्तकावरचा लाल रंग तिच्या कपाळी लागतो. म्हणून सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी डॉक्टर-कर्मचारी ह्या सुनवायांवर नाराज होते, आणि त्यांची नाराजी सगळीच खोटी नव्हती. पुढे ह्या कामात 'नियोजन' हा शब्द जोडला गेला, म्हणजे दोष दाखवण्याबरोबर रुग्ण कल्याण समितीचा पैसा कशावर खर्च व्हावा हेही लोकांनी सुचवावे. हे शहाणपणाचे झाले.

परदेशातही हा प्रयोग झाला आणि त्याची कथा मोठी बोधक आहे. युगांडात पन्नास दवाखाने निवडून त्यांतल्या निम्म्या ठिकाणी असेच प्रगतिपुस्तक करून गावकरी व कर्मचारी यांना एकत्र बसविले. एका वर्षात लहान मुलांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. जगभर वाहवा झाली. परंतु २०१९ साली त्याहून पुष्कळ मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात रोग्यांचे समाधान थोडे वाढलेले दिसले, बालमृत्यू घटलेले दिसले नाहीत. मला ह्या दुसऱ्या प्रयोगाबद्दल अधिक आदर वाटतो. नुसते विचारल्याने औषध येत नाही आणि डॉक्टरही नेमला जात नाही.

२०१६ पासून केंद्र सरकारची 'मेरा अस्पताल' नावाची सोय आहे. दवाखान्यातून घरी गेल्यावर मोबाईलवर संदेश किंवा फोन येतो, आणि बरे-वाईट कळवता येते. खिडकीतल्या माणसाची भीती ह्यात नाही, हा मोठा गुण. पण तो फोन ज्याची नोंद झाली त्यालाच जातो. आपल्या तालुक्यात बामणोलीकडे, शिवसागराच्या काठाने राहणारा माणूस लाँचची वेळ चुकली म्हणून घरीच पडून राहिला, तर त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. गेल्या खेपेला डॉक्टर भेटले नाहीत म्हणून ह्या खेपेला जी बाई आलीच नाही, तिला समाधानी म्हणायचे की असमाधानी?

म्हणून ग्रामसभेत विचारायला मी चार साधे प्रश्न लिहून ठेवले आहेत. गेलात तेव्हा डॉक्टर होते का? लिहिलेले औषध तिथेच मिळाले का? कोणी पैसे मागितले का? पुढे पाठवले असेल तर गाडी कशी मिळाली? विचारणारा दवाखान्याचा नसावा, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहू नये. पाचवा प्रश्न न आलेल्यांसाठी आहे, 'का आला नाहीत?' तो विचारायला लाँचने पलीकडे जावे लागेल.