खुराक

परवा पुतण्या प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला. डबा चांगला बादलीएवढा. किंमत ऐकून वहिनींचा चेहरा पडला. "काका, दंड भरायचे तर एवढं लागतंच," तो मला म्हणाला. मला एकदम अण्णा आठवले. माझे वडील तरुणपणी कोल्हापुरात तालमीत जायचे. दोन वर्षांत त्यांनी तालीम सोडली. का, असं विचारलं की म्हणायचे, "माती फुकट होती रे, खुराक नव्हता."

मग खरंच किती लागतं? या प्रश्नाचं उत्तर एकदा डोंगर चढून शोधावं लागलं होतं.

लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४२ मध्ये मांडलं की काम करताना स्नायू स्वतःच झिजतात, म्हणून कष्टाचं खरं इंधन म्हणजे प्रथिनं. माणूस मोठा, त्यामुळे मतही मोठं ठरलं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये झुरिकचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनुस, स्वित्झर्लंडमधलं फाउलहॉर्न शिखर चढले. चढाई १९५६ मीटरची. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनं वर्ज्य केली. खाल्लं काय, तर चरबीत तळलेल्या स्टार्चच्या टिकिया आणि गोड चहा. लघवीतला नायट्रोजन मोजून किती प्रथिनं खर्ची पडली ते काढलं. दोघांची प्रत्येकी जेमतेम ३७ ग्रॅम! तेवढ्यातून ती चढाई होणं शक्यच नव्हतं. म्हणजे अंग चाललं होतं पिठावर आणि चरबीवर.

तरी मांसाचा दबदबा गेला नाही. म्युनिकच्या फॉइटनं कामकरी माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठातल्या चिटेंडननं सैनिकांना आणि खेळाडूंना काही महिने साधारण निम्म्या प्रथिनांवर ठेवलं. १९०४ मध्ये त्यानं निकाल छापला : ताकद घटली नव्हती, उलट वाढली होती.

आता जरा हिशोब करू. स्नायूचा पाऊण हिस्सा पाणीच असतं. एक किलो स्नायूत प्रथिनं साधारण २०० ग्रॅम. महिन्यात किलोभर स्नायू वाढला (हे फारच झालं!) तरी रोज अंगात मुरतात सातेक ग्रॅम. पण खाल्लेलं सगळं मुरत नाही, बरंचसं जळून जातं, म्हणून जास्त खावं लागतं. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. वजनी व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही. पुतण्या ६० किलोचा, म्हणजे ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, १०० ग्रॅम डाळ, मूठभर फुटाणे आणि पोटभर भाकरी यांत ते जवळपास भरतात.

त्यातली 'पोटभर' ही अट मात्र महत्त्वाची. एकूण अन्नच कमी पडलं तर शरीर प्रथिनंही चुलीत घालतं. पैलवानांच्या खुराकात दूध-बदामांबरोबर तूप का, हे मला आता कळतं. तुपात प्रथिनं नाहीतच. पण शंभर ग्रॅम तुपात ९०० कॅलरी असतात. सरपण तुपाचं झालं की दूध-मटणातलं प्रथिन अंगाला लागतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवानांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. राजाश्रय म्हणजे मानाचा फेटा असं मी लहानपणी समजायचो. खरं तर राजाश्रय म्हणजे रोजचं दूध-तूप.

अण्णांच्या घरी सहा भावंडं. भाकरी मोजून, आमटी पातळ. पहाटे पाचशे जोर काढून आल्यावर त्यांच्या ताटात तेवढंच, जेवढं इतरांच्या. आजीला वाढावंसं वाटत नसेल का? पण एकाला जास्त म्हणजे दुसऱ्याला कमी. अण्णांनी बहुधा हा हिशोब कुठलंही पुस्तक न वाचता केला होता.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. डबा परत करणं जमलं नाही, झाकण उघडलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनींकडे आणखी एक भाकरी मागितली. वहिनींनी ती विचार न करता वाढली.