पाहण्याची जबाबदारी : इंटरनेटवरील तक्रारींच्या हॉटलाइनचा इतिहास

वाचकहो, रस्त्यात बेवारस गाठोडे दिसले तर काय करायचे, हे आपल्याला ठाऊक असते. हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचे. पण मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या बालकाच्या लैंगिक शोषणाचे चित्र अचानक समोर आले तर? बरेच जण घाबरून ते पुसून टाकतात आणि गप्प बसतात. काही जण ‘हा नीच प्रकार पाहा, याला शिक्षा झाली पाहिजे’ असे संतापाने लिहून ते चित्र आणखी दहा जणांना पाठवतात. गप्प बसल्याने गुन्हा दडून राहतो. पुढे पाठवल्याने त्या बालकाची विटंबना दहा वेळा वाढते आणि हेतू चांगला असूनही पाठवणारा स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. ही कोंडी फोडण्यासाठी गेल्या तीस वर्षांत जी व्यवस्था उभी राहिली, तिला हॉटलाइन म्हणतात. जे कोणीच पाहू नये ते समाजाच्या वतीने कोणी पाहावे, आणि त्या पाहणाऱ्याला जाब कोणी विचारावा, या दोन प्रश्नांभोवती तिचा इतिहास फिरतो.

प्रारंभ १९९६ सालातला. त्या काळी लोक ‘युजनेट’ नावाच्या चर्चागटांतून मजकुराची आणि चित्रांची देवाणघेवाण करीत. ऑगस्ट १९९६ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांनी ब्रिटनमधील इंटरनेट पुरवठादार कंपन्यांना एक पत्र पाठवले. सोबत सुमारे १३० चर्चागटांची यादी होती. या गटांत बेकायदा चित्रे फिरतात, तुम्ही स्वतःहून ती बंद करा, नाही तर आम्हाला कारवाई करावी लागेल, असा पत्राचा आशय होता. कंपन्या पेचात पडल्या. आम्ही टपालवाल्यासारखे केवळ वाहक आहोत, असे म्हणण्याची सोय होती. पण ती चित्रे त्यांच्याच सर्व्हरवर साठलेली होती. उलट, अख्खे गट बंद करावेत तर त्यांतला निर्दोष मजकूरही जाणार आणि कंपनीच सेन्सॉर बनणार.

सप्टेंबर १९९६ मध्ये कंपन्या, पोलीस आणि सरकार यांच्यात ‘सेफ्टी नेट’ या नावाने एक समझोता झाला. पाइपेक्स या पुरवठादार कंपनीच्या संस्थापकांनी त्यात पुढाकार घेतला होता. त्यातून जी स्वतंत्र संस्था केंब्रिजजवळ सुरू झाली, तीच पुढे ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’ म्हणून ओळखली गेली. नागरिकाने तिला कळवायचे, तिने छाननी करायची, कंपनीने मजकूर काढायचा आणि पोलिसांनी गुन्हेगाराचा माग काढायचा, अशी कामाची वाटणी ठरली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्येही अशीच हॉटलाइन सुरू झाली.

तक्रार आल्यावर पुढे काय होते, ते पाहू. नागरिकाने चित्र पाठवायचे नसते. ते जिथे दिसले तो वेबपत्ता तेवढा कळवायचा असतो. बंदिस्त खोलीत बसलेला प्रशिक्षित विश्लेषक तो पत्ता उघडतो. हे घृणास्पद आहे का, असा प्रश्न तो विचारीत नाही. कायद्याने ठरवलेल्या व्याख्येत हे बसते का, एवढेच पाहतो. कित्येक तक्रारी इथेच गळतात, कारण आपल्याला न आवडणारा मजकूर आणि बेकायदा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर बेकायदा ठरला, तर तो कोणत्या देशातल्या सर्व्हरवर आहे याचा शोध घेतला जातो. सर्व्हर स्वदेशात असेल तर पोलिसांना कळवून कंपनीला नोटीस जाते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधीच मजकूर पुसला तर पुरावाही पुसला जाण्याची भीती असते. सर्व्हर परदेशात असेल तर तिथल्या हॉटलाइनला कळवले जाते.

या विश्लेषकांपुढे एक चमत्कारिक अडचण होती. अशी चित्रे मुद्दाम उघडणे, त्यांची प्रत करणे हाच ब्रिटनमध्ये गुन्हा होता. गुन्हा थांबवण्यासाठी गुन्हा करावा लागावा, असा हा प्रकार. २००३ च्या कायद्याने गुन्ह्याच्या तपासासाठी किंवा प्रतिबंधासाठी असे काम करणाऱ्यांना बचावाची तरतूद दिली आणि २००४ मध्ये सरकारी अभियोक्ते व पोलीस यांनी तिचा अर्थ लेखी समझोत्याने स्पष्ट केला. म्हणजे समाजाने काही मोजक्या माणसांना ‘तुम्ही पाहा, म्हणजे आम्हाला पाहावे लागणार नाही’ अशी रीतसर नेमणूक दिली.

या नेमणुकीचे फळही दिसले. संस्थेच्या नोंदींनुसार १९९६ मध्ये तिला आढळलेल्या अशा मजकुरापैकी १८ टक्के मजकूर ब्रिटनमधल्या सर्व्हरांवर होता. २००३ नंतर हे प्रमाण एक टक्क्याखाली आले. पण एका अंगणातला कचरा वाऱ्याने दुसऱ्या अंगणात जावा, तसा तो देशांतरही करू लागला. म्हणून १९९९ मध्ये ‘इन्होप’ हा हॉटलाइनांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. आज पन्नासाहून अधिक देशांतल्या हॉटलाइना त्यात आहेत.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटिश हॉटलाइनकडे विकिपीडियाच्या एका पानाबद्दल तक्रार आली. पानावर १९७६ सालच्या एका जर्मन रॉक संगीतसंचाच्या तबकडीचे मुखपृष्ठ होते आणि त्यावर एका लहान मुलीचे विवस्त्र छायाचित्र होते. विश्लेषकांनी ते ‘संभाव्य बेकायदा’ ठरवून पत्ता बंदीच्या यादीत घातला. पाहता पाहता ब्रिटनमधल्या असंख्य वाचकांना ते पान दिसेना; शिवाय तांत्रिक कारणाने त्यांतल्या अनेकांना विकिपीडियावर काही लिहिताही येईना. चार दिवसांनी, ९ डिसेंबरला, संस्थेने निर्णय मागे घेतला. हे चित्र वर्षानुवर्षे सर्वत्र उपलब्ध आहे, हेही कारण तिने दिले. चित्राबद्दल मते काहीही असोत, या घटनेने एक गोष्ट उघड केली. ही यादी कोणी तयार करते, तिच्यावर दाद कुठे मागायची, हे तोवर सामान्य वाचकाला माहीतच नव्हते.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. तिथे बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने मार्च १९९८ मध्ये ‘सायबरटिपलाइन’ सुरू केली. असा मजकूर लक्षात आला की कंपन्यांनी तिथे कळवलेच पाहिजे, असा कायदा आहे. पुढे ओळखलेल्या चित्राचा ‘हॅश’, म्हणजे अंकांतला ठसा, काढून त्याच्या प्रती यंत्राने हुडकण्याचे तंत्र आले आणि नागरिकाची तक्रार यंत्राच्या तक्रारींपुढे लहान झाली. २०२३ या एका वर्षात तिथे ३ कोटी ६० लाखांहून अधिक नोंदी आल्या. मग हे केंद्र खासगी की सरकारी? खासगी असेल तर नागरिकाचा पत्रव्यवहार उघडण्यावर घटनेचे बंधन नाही. सरकारी असेल तर आहे. २०१६ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने, या कामापुरते ते शासनाचेच अंग आहे, असा निर्णय दिला.

भारतात या गोष्टीचा धागा हैदराबादला येऊन भिडतो. तिथल्या ‘प्रज्वला’ या संस्थेने १८ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. सोबत पेन ड्राइव्हवर बलात्काराच्या दोन चित्रफिती होत्या. त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. तक्रार न्यावी कुठे, यासाठी देशात ठरलेली खिडकीच नव्हती, म्हणून ती थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेली. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘आरंभ इंडिया’ने ब्रिटिश हॉटलाइनच्या सहकार्याने बालशोषणाच्या चित्रांसाठी तक्रारकेंद्र सुरू केले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारचे सायबर गुन्हे तक्रार पोर्टल आले. तिथे महिला व बालकांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.

प्रज्वलाच्या पत्रानंतर पाच आठवड्यांनी, २४ मार्च २०१५ रोजी, त्याच न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ कलम रद्द केले. त्या खटल्याचे निमित्त महाराष्ट्रातले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती, आणि तीही कोणाच्या तरी तक्रारीवरून! वाचकहो, ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. एकीकडे तक्रारीला दार सापडेना, म्हणून अत्याचार फिरत राहिला. दुसरीकडे तक्रारीला चाळणी नव्हती, म्हणून निरपराध माणसे कोठडीत गेली. दार आणि चाळणी ही दोन्ही कामे एकाच जागी करणे, हे हॉटलाइनचे खरे प्रयोजन आहे. तिची कक्षा अरुंद हवी, व्याख्या कायद्यातली हवी, निर्णयाचे कारण लिहिलेले हवे आणि त्यावर दाद मागता यायला हवी. यातले एकही सुटले तर ती निरुपयोगी तरी होते किंवा धोकादायक तरी.

आपला वाटा मात्र सोपा आहे. असे काही समोर आले तर ते साठवू नये, पुढे पाठवू नये, ‘पुरावा’ म्हणूनही नाही. पत्ता, तारीख, वेळ टिपावी आणि पोर्टलवर किंवा पोलिसांकडे द्यावी. त्या चित्रातले मूल आज कदाचित मोठे झाले असेल, कुठे नोकरी करीत असेल, आणि समोरच्या अनोळखी माणसाने आपल्याला ‘पाहिले’ तर नसेल ना, या धास्तीने मान खाली घालून चालत असेल. पाहणाऱ्यांची संख्या एकाने तरी कमी ठेवणे, एवढे त्याच्यासाठी आपल्या हाती नक्की आहे.